वाचकांची पत्रं: कोलंबो, पोर्टची एक बाटली आणि अ‍ॅड्रियनवरून पेटलेला वाद

मागच्या अंकात मी 'कोलंबो' या जुन्या अमेरिकन सिरीयलच्या 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' या एपिसोडबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की तुमचं मत कळवा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. काही मेल तर दोन-दोन पानी आहेत, एका घरातून नवऱ्याचं आणि बायकोचं वेगवेगळं मत आलंय. सगळी छापणं शक्य नाही म्हणून ज्यात काहीतरी नवीन मुद्दा आहे तेवढी घेतलीयत.

ज्यांनी एपिसोड पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. (कोलंबोमध्ये खून कोणी केला हे आपल्याला सुरुवातीलाच दाखवतात, मजा असते ती लेफ्टनंट कोलंबो त्याला कसा पकडतो यात, त्यामुळे सांगितलं तर काही बिघडत नाही.) ७ ऑक्टोबर १९७३ ला एनबीसीवर हा एपिसोड लागला, तिसऱ्या सीझनचा दुसरा. कॅलिफोर्नियात अ‍ॅड्रियन कार्सिनी नावाचा माणूस वडिलांची वायनरी चालवतोय. वाईन हाच त्याचा श्वास. पण वडिलांनी वायनरी ठेवलीय सावत्र भावाच्या, रिकच्या नावावर, आणि रिकला गाड्या, डायव्हिंग, मजा यातच रस. तो येऊन सांगतो की मी ही जागा स्वस्तातली वाईन बनवणाऱ्या कंपनीला विकतोय. अ‍ॅड्रियनचा तोल जातो, तो रिकच्या डोक्यात मारतो. रिक बेशुद्ध पडतो पण मरत नाही. मग अ‍ॅड्रियन त्याला बांधून आपल्या वाईनच्या बंद तळघरात टाकतो, तिथला एसी बंद करतो आणि सेक्रेटरी कॅरनला घेऊन आठवडाभर न्यूयॉर्कला लिलावाला जातो. परत येऊन रिकच्या प्रेताला डायव्हिंगचा सूट चढवून समुद्रात टाकतो, म्हणजे वाटावं की डायव्हिंग करताना अपघात झाला. अ‍ॅड्रियन झालाय डोनाल्ड प्लेझन्स, कॅरन झालीय ज्युली हॅरिस, आणि कोलंबो अर्थातच पीटर फॉक.

आता पत्रं.

ताई, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा एपिसोड आम्ही चार मित्रांनी हॉस्टेलवर पाहिला आणि चौघांचंही म्हणणं एकच, की अ‍ॅड्रियनला शिक्षा व्हायला नको होती. आयुष्यभर ज्याने वायनरी उभी केली त्याला काहीच नाही आणि ज्याने काडी हलवली नाही त्याच्या नावावर सगळं! आणि रिक तर इतका उर्मट दाखवलाय. कोलंबोलाही तो आवडतो, हे दिसतंच ना? मग तुम्ही मागच्या अंकात त्याला 'थंड डोक्याचा खुनी' का म्हणालात?

तुमच्यासारखं लिहिणारी सगळ्यात जास्त पत्रं आलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. अ‍ॅड्रियन मलाही आवडतो. प्लेझन्सने तो असा काही उभा केलाय की बाटली हातात धरायची त्याची पद्धत बघूनच कळतं की या माणसाने हिच्यावर जीव लावलाय. आणि वडिलांनी अन्याय केला हेही खरं, आपल्याकडे तर असल्या वाटण्यांवरून सख्खे भाऊ वीस-वीस वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, त्यामुळे त्याचा राग आपल्याला लगेच समजतो.

पण मारहाण आणि खून यांच्यामध्ये काय घडतं ते परत एकदा बघा. रिकला फटका बसतो तो रागाच्या भरात. तिथे अ‍ॅड्रियन थांबला असता, डॉक्टरला बोलावलं असतं, तर फार तर मारहाणीची केस झाली असती. तो थांबत नाही. बाहेर पाहुणे बसलेत, त्यांच्यात जाऊन तो वाईन ओततो, गप्पा मारतो, आणि मग श्वास चालू असलेल्या भावाला बांधतो. त्याचा सगळा बनाव कशावर उभा आहे माहितीये? अ‍ॅड्रियन न्यूयॉर्कला पोचल्यानंतरच रिक मेला पाहिजे, यावर! म्हणजे भावाने आत एक-दोन दिवस तरी जिवंत असणं ही त्याची गरज आहे. पुढे पोस्टमॉर्टेममध्ये निघतं की मरण्याआधी दोन दिवस रिकच्या पोटात अन्न नव्हतं. दोन दिवस! अ‍ॅड्रियन विमानात बसतो तसा कॅमेराही त्याच्याबरोबर निघून जातो, लिलाव दाखवतो, ५००० डॉलरची बाटली दाखवतो, आणि आपण पण त्याच्याबरोबर निघून जातो. रिक अंधारात आहे हे आपण विसरतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही विसरले होते, दुसऱ्यांदा पाहताना लिलावाच्या सीनला माझं लक्षच लागेना.

आणि कोलंबोचं म्हणाल तर हो, त्याला अ‍ॅड्रियनबद्दल आदर आहे आणि तो खरा आहे, नाटक नाही. तो वाईन शिकायला बसतो, आधी फक्त तपासासाठी असेल पण नंतर त्याला त्यात गोडी वाटायला लागते. पण आदर आहे म्हणून तो रिकला विसरत नाही.

मी मिरजेला डॉक्टर आहे, फॉरेन्सिक शिकवलंय. एपिसोड छान पण वैद्यकीय बाजू पटली नाही. बंद खोलीत गुदमरून मेलेला माणूस समुद्रात टाकला तर तो बुडून मेला नाही हे कुठलाही पोस्टमॉर्टेम करणारा सांगेल. हातापायाला दोरीचे वळ असणार ते वेगळंच. हे लेखकाला सुचलं नाही का?

डॉक्टरसाहेब, तुमच्या पत्रामुळे मी एपिसोडचा तो भाग परत लावून बघितला. बुडण्याच्या बाबतीत लेखकाने पळवाट ठेवलीय. रिक बुडाला असं कोणी म्हणतच नाही. तर्क असा मांडलाय की डायव्हिंग करताना डोकं खडकावर आपटलं, शुद्ध गेली आणि सिलेंडरमधली हवा संपली. म्हणजे तोंडात सिलेंडरची नळी आहे, फुप्फुसात पाणी असायची गरजच नाही, आणि हवा संपून गुदमरणं तळघरात आणि पाण्यात सारखंच दिसणार. डोक्याची जखम तर आधीचीच आहे, तीही त्यात बसते. हा भाग मला हुशारीचा वाटतो.

वळांचा मुद्दा मात्र मान्य. त्यात एक मी जोडते, चुकत असेन तर सांगा. माणूस मेल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साकळतं आणि साधारण आठ-बारा तासांत ते डाग पक्के होतात, मग प्रेत हलवलं तरी जागा बदलत नाहीत. रिक जिथे ज्या अवस्थेत पडला होता तसेच ते डाग राहिले असणार, आणि पाण्यात तरंगलेल्या माणसाशी ते जुळायचे नाहीत. कोलंबोने पोटातल्या अन्नाऐवजी हे विचारलं असतं तर एपिसोड अर्ध्या तासात संपला असता.

पण मला त्याहून दुसरीच गोष्ट खटकली आणि मी वहीवर हिशोब करून बसले. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण पंधरा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दहा फूट लांब, दहा रुंद, दहा उंच खोली धरली तर तिच्यात २८,००० लिटर हवा. कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत म्हणजे जीवघेण्या पातळीला जायला २,८०० लिटर लागतात, आणि त्याला तासाला पंधराने भागलं की एकशे ऐंशीच्या वर तास येतात, म्हणजे आठवडा! तेही खोली पूर्ण हवाबंद असेल तर. अ‍ॅड्रियनचं तळघर तर याहून कितीतरी मोठं आहे. मग रिक दोन-तीन दिवसांत मरतो तो कशाने? माझ्या मते तहानेने आणि उकाड्याने. त्या आठवड्यात उन्हाची लाट आलेली असते (ती पुढे महत्त्वाची ठरते), एसी बंद, तोंडात पाण्याचा थेंब नाही. हे लेखकाने लिहिलेलं नाही हे मला कळतं, गोष्टीत तो गुदमरूनच मरतो. पण हिशोब मांडल्यावर वरच्या पुण्याच्या मुलांना मी जे म्हटलं ते मला आणखीनच जाणवायला लागलं.

आमचं कोल्हापुरात गॅरेज आहे, तीस वर्षं गाड्यांत गेली. मला बाटलीपेक्षा गाडीचा क्लू भारी वाटला. तुम्ही त्यावर दोनच ओळी लिहिल्यात. का?

दादा, जागा नव्हती हो. पण बरोबर बोललात, आज लिहिते. रिकची गाडी कड्याजवळ आठवडाभर उभी होती असं दाखवायचंय, कारण तो डायव्हिंगला तिथे गेला असं भासवायचंय. मधल्या दिवसांत पाऊस पडून गेलेला असतो. आणि गाडी चकाचक! उघड्यावर उभ्या गाडीवर आधी धूळ बसते, त्यावर पावसाचे थेंब पडतात आणि वाळले की ठिपके उठतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. आपल्याकडे जूनच्या पहिल्या सरीनंतर रस्त्यावरची कुठलीही गाडी बघा, ती धुतलेल्या गाडीपेक्षा घाणच दिसते. कोलंबो गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो की ही गाडी छपराखाली होती, मग छप्पर कोणाचं?

मला या क्लूचं कौतुक अशासाठी वाटतं की तो बघायला फॉरेन्सिक लॅब लागत नाही, प्रेक्षकालाही तो तितकाच दिसतो, आपण फक्त बघत नाही. बाटलीचा सापळा (तो पुढच्या पत्रात सांगते) नाट्यमय आहे पण संशयाचं बी पेरलं ते गाडीने आणि रिकाम्या पोटाने.

नाशिकहून लिहितोय. आमची द्राक्षबाग आहे आणि आता दहाएक वर्षं वाईनची द्राक्षंही लावतो. एपिसोडमध्ये एका गरम आठवड्यात सगळं तळघर नासतं हे मला अतिशयोक्ती वाटते. आमच्याकडे मे महिन्यात चाळीसच्या वर पारा जातो पण जमिनीखालची खोली थंडच असते. आणि पोर्ट वाईन तर टिकाऊ असते ना?

हे पत्र वाचून फार आनंद झाला, कारण हा प्रश्न विचारायला माणूस तुमच्याच गावचा हवा! आधी बाकीच्या वाचकांना सापळा सांगते म्हणजे संदर्भ लागेल. कोलंबो माफी मागायच्या निमित्ताने अ‍ॅड्रियनला आणि कॅरनला एका महागड्या हॉटेलात जेवायला नेतो. जेवणाच्या शेवटी १९४५ सालची एक दुर्मिळ पोर्ट येते. अ‍ॅड्रियन एक घोट घेतो आणि भडकतो, सगळ्या हॉटेलासमोर ओरडतो की ही वाईन उष्णतेने नासलीय, ही माणसाला द्यायच्या लायकीची नाही. बाटली कुठली असते? त्याच्याच तळघरातली, कोलंबोने गुपचूप उचललेली. म्हणजे तळघर तापलं होतं, म्हणजे एसी बंद होता, आणि त्या तळघराला अ‍ॅड्रियनशिवाय कोणी हात लावत नाही.

आता तुमची शंका. वाईन साधारण बारा ते चौदा अंश सेल्सियसला ठेवावी म्हणतात, पंचवीसच्या वर गेलं की ती लवकर म्हातारी होते, तिशीच्या पुढे काही आठवडे राहिली की शिजल्यासारखी चव येते आणि आतला द्रव फुगून बूच वर सरकतं. पण 'काही आठवडे', एक-दोन दिवस नव्हे. आणि जाड भिंतींची, जमिनीखालची खोली बाहेरच्या एका गरम दिवसाने तापत नाही हे तर आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतं, धान्याची पेवं जमिनीत खणायचे ती उगाच नाही. पोर्टमध्ये वरून ब्रँडीसारखं स्पिरिट घातलेलं असतं, अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे ती साध्या वाईनपेक्षा काटक. तिची चुलत बहीण, मदेरा बेटावरची वाईन तर मुद्दाम पंचेचाळीस-पन्नास अंशांवर तीन-तीन महिने तापवतात, कारण जुन्या काळी जहाजातून उष्ण समुद्र ओलांडताना पिंपं तापायची आणि लोकांच्या लक्षात आलं की अरे ही तर जास्त चांगली लागतेय.

म्हणजे विज्ञानाच्या बाजूने तुम्ही जिंकलात. अ‍ॅड्रियनच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की १९४५ ची बाटली १९७३ मध्ये अठ्ठावीस वर्षांची होती, आणि जुनी वाईन नव्यापेक्षा नाजूक. पण मला विचाराल तर सापळ्याला विज्ञानाची गरजच फार थोडी आहे. सर्वसाधारण माणसाने तोच ग्लास मिटक्या मारत संपवला असता. कोलंबोला पुरावा बाटलीतून काढायचा नाहीये, तो अ‍ॅड्रियनच्या जिभेतून काढायचाय. अ‍ॅड्रियन थोडा कमी जाणकार असता, किंवा जाणकार असून थोडा कमी प्रामाणिक असता, गप्प बसून म्हणाला असता की वा, छान आहे, तर सुटला होता! भावाबद्दल तो आठवडाभर सहज खोटं बोलतो, पण वाईनबद्दल त्याला एक घोटभरही खोटं बोलता येत नाही. या एका गोष्टीसाठी मी हा एपिसोड सगळ्यांना बघायला सांगत फिरते.

नावाचा अर्थ काय? पोर्ट म्हणजे बंदर ना? (सातारा)

दोन्ही. इंग्रजीत म्हण आहे की वादळात सापडल्यावर कुठलंही बंदर चालतं, आपल्या बुडत्याला काडीच्या आधारासारखीच. पोर्ट म्हणजे बंदर आणि पोर्ट म्हणजे ती वाईनही, आणि मधे 'ओल्ड' घातल्यामुळे जुनी पोर्ट असा अर्थ लागतो. वाईनलाही ते नाव ओपोर्तो या पोर्तुगालच्या बंदराच्या शहरावरूनच पडलंय.

मी छत्रपती संभाजीनगरला वकिली करते. कोलंबो आवडतो पण कोर्टात त्याच्या निम्म्या केसेस उभ्या राहणार नाहीत. इथे तर त्याने सरळ बाटली चोरलीय! ना वॉरंट, ना पंचनामा. तुमचं मत काय?

वकीलबाई, तुमचा प्रश्न आला तेव्हा मी एका निवृत्त वकील काकांकडे जाऊन दोन तास बसले आणि जे समजलं ते लिहिते. अमेरिकेत १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो या निकालापासून असा नियम आहे की राज्याच्या पोलिसांनी बेकायदा झडतीत मिळवलेला पुरावा कोर्टात चालत नाही. इतकंच काय, त्या पुराव्यातून पुढे जे निघेल तेही बाद, त्याला ते विषारी झाडाचं फळ म्हणतात. त्या हिशोबाने बाटली गेली आणि हॉटेलातला आरडाओरडाही बहुतेक गेला. राहतो तो अ‍ॅड्रियनचा कबुलीजबाब. तो त्याने आपणहून दिला आणि १९६६ च्या मिरांडा निकालाप्रमाणे त्याला ताब्यात घेतल्यावर हक्क सांगितले असतील तर तिथे तो चालू शकतो.

आपल्याकडे बरोब्बर उलटं! पुरावा संबंधित असेल तर तो कसा मिळवला यावरून आपली कोर्टं तो सहसा फेकून देत नाहीत. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य ही आपल्याच मुंबईची केस आहे, त्यात चोरून टेप केलेलं फोनवरचं बोलणं सुप्रीम कोर्टाने पुरावा म्हणून मान्य केलं, पुढे डिसेंबर १९७३ मध्ये पूरनमल केसमध्ये झडतीबाबतही तेच म्हटलं. म्हणजे कोलंबोची बाटली आपल्याकडे कोर्टात आली असती. पण पोलिसाजवळ दिलेला कबुलीजबाब? तो आधीच्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे चालत नव्हता आणि आता १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणेही चालत नाही. एकाच रात्रीचे दोन पुरावे, एक तिथे चालतो एक इथे. चूक असेल तर तुम्ही नक्की दुरुस्त करा, मी पुढच्या अंकात छापेन.

ताई, मी ठाण्याला राहते, ३१ वर्षं एका कंपनीत सेक्रेटरी होते, आता रिटायर आहे. तुम्ही मागच्या वेळी कॅरनला 'ब्लॅकमेल करणारी' म्हटलंत ते मला लागलं. त्या बाईने त्याच्यासाठी आयुष्य घालवलं. त्याची पत्रं, त्याची तिकिटं, त्याचे पाहुणे. त्याने एकदा तरी मान वर करून तिच्याकडे पाहिलं का? मला तिची भीती वाटली नाही, मला ती ओळखीची वाटली.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मागच्या अंकातला तो शब्द मी मागे घेते. पूर्ण नाही, पण बराचसा, आणि का ते सांगते.

कॅरनने केलं काय? तिने पोलिसांना खोटं सांगितलं की रिकला मी वायनरीतून जाताना पाहिलं. कोणी तिला तसं सांगायला सांगितलं नव्हतं. मग हॉटेलातल्या त्या रात्रीनंतर ती अ‍ॅड्रियनला सांगते की मला सगळं माहिती आहे आणि आता तू माझ्याशी लग्न कर. मी आधी पाहिलं तेव्हा मला ती धमकीच वाटली होती. तुमचं पत्र वाचून परत पाहिलं तर ज्युली हॅरिसचा चेहरा वेगळाच दिसायला लागला. ती रंगभूमीची केवढी मोठी नटी होती, पाच टोनी पुरस्कार मिळालेली, आणि इथे तिच्या वाट्याला थोडेच सीन आलेत, पण त्या थोडक्यात तिने वर्षानुवर्षांचं थकलेपण दाखवलंय. मागताना ती खुश नाहीये. तिला माहितीये की असंच मागितल्याशिवाय तिला काहीही मिळणार नाही, सरळ मार्गाने मिळायचं असतं तर इतक्या वर्षांत मिळालं असतं.

आणि काळ बघा. १९७३ ची अमेरिका म्हणजे आपल्याला वाटतं सगळं मोकळं, पण तिथे बाईला केवळ बाई म्हणून, किंवा लग्न झालेलं नाही म्हणून कर्ज किंवा क्रेडिट नाकारायला बंदी घालणारा कायदा झाला १९७४ मध्ये, म्हणजे एपिसोड लागल्यानंतर एका वर्षाने. एकट्या, पन्नाशीकडे झुकलेल्या, एकाच मालकाकडे उमेद घालवलेल्या बाईला वायनरी विकली गेली किंवा मालक जेलमध्ये गेला तर पुढे काय, हा प्रश्न एपिसोडमध्ये कोणीच विचारत नाही. अ‍ॅड्रियन तर नाहीच, त्याला तिच्याशी संसार करण्यापेक्षा तुरुंग बरा वाटतो. त्या वाक्याला प्रेक्षक हसतात. मीही हसले होते, आता हसू येत नाही.

जे उरतं ते एवढंच, की खून झालाय हे कळल्यावरही तिने रिकसाठी काही केलं नाही आणि ती तर रिकलाही ओळखत होती, त्याचंही येणंजाणं तिने पाहिलेलं होतं. तेवढ्यापुरता माझा राग आहे. पण तुम्ही 'ओळखीची' हा जो शब्द वापरलात तो मला मागच्या अंकात सुचायला हवा होता.

आपला करमचंद कोलंबोची कॉपी होता का? (नागपूर)

नाही हो. १९८५ चा दूरदर्शनवरचा करमचंद म्हणजे पंकज कपूरचं गाजर आणि किटी, तो खासगी डिटेक्टिव्ह आहे आणि तिथे खुनी शेवटी कळतो. खुनी आधी दाखवायची पद्धतही कोलंबोने शोधलेली नाही, ऑस्टिन फ्रीमन नावाच्या इंग्रज लेखकाने १९१२ च्या कथासंग्रहात ती वापरली होती. लेव्हिन्सन आणि लिंक या जोडीने कोलंबो उभा करताना रशियन कादंबरीतल्या एका साध्या दिसणाऱ्या, गोड बोलून खुन्याला थकवणाऱ्या तपास अधिकाऱ्याचा आदर्श ठेवला होता. बाकी, सुरुवात कुठून करू असं दहा जणांनी विचारलंय, त्यांना एकच उत्तर, १९७१ चा 'मर्डर बाय द बुक' बघा, तो स्पीलबर्गने वयाच्या चोविसाव्या वर्षी केलाय.

मडगावहून. आमच्याकडे पाहुणा आला की घरची वाईन पुढे येते, त्यामुळे शेवटचा सीन बघून घशात आवंढा आला. पोलीस गुन्हेगाराला पकडून नेताना वाटेत गाडी थांबवून वाईन पाजतो! त्याने आणलेली ती बाटली कुठली होती? त्यात काही खास आहे का?

आहे, आणि हे कोणीतरी विचारावं असं मला फार वाटत होतं. तोपर्यंत अ‍ॅड्रियनने आपल्या नासलेल्या बाटल्या एकेक करून समुद्रात फेकून दिलेल्या असतात. हॉटेलातल्या त्या घोटानंतर त्याला कळून चुकलंय की सगळं तळघर गेलं, आणि ते त्याने स्वतः केलं. कोलंबो तिथे उभा असतो. बेड्या नाहीत, आवाज चढवणं नाही. दोघं कोलंबोच्या खटारा प्यूजो गाडीत बसतात, वायनरीजवळ येऊन थांबतात आणि कोलंबो मागून एक बाटली आणि ग्लास काढतो. ती असते मोंतेफियास्कोनेची, जेवणानंतर घ्यायची गोड वाईन.

मोंतेफियास्कोने हे इटलीत रोमच्या उत्तरेला, बोल्सेना तळ्याच्या काठावरचं डोंगरावरचं गाव. तिथल्या वाईनची दंतकथा सांगतात की बाराव्या शतकात एक जर्मन बिशप रोमला निघाला होता, त्याने नोकराला पुढे पाठवलं आणि सांगितलं की जिथे वाईन चांगली असेल त्या खाणावळीच्या दारावर लॅटिनमध्ये 'एस्ट' लिही, म्हणजे 'आहे'. मोंतेफियास्कोनेला पोचल्यावर नोकराने एकदा लिहून भागेना म्हणून तीन वेळा लिहिलं. बिशप तिथे थांबला तो थांबलाच, पुढे गेलाच नाही, तिथेच वारला, त्याची कबर त्या गावच्या सान फ्लावियानो चर्चमध्ये दाखवतात.

लेखकाच्या मनात ही कथा होती का हे एपिसोडमध्ये कुठे येत नाही. पण दोघंही इटालियन रक्ताचे, एकाच्या पुढे तुरुंग, आणि दुसऱ्याने दुकानात जाऊन विचार करकरून या वेळेला साजेशी अशी एकच बाटली निवडलीय. अ‍ॅड्रियन लेबल बघतो आणि म्हणतो की तुम्ही चांगलं शिकलात. कोलंबोचा चेहरा बघा त्या वेळी, वर्गात पहिला आल्यासारखा उजळतो. मग दोघं पितात.